गस्तीच्या ताफ्यासाठी इलेक्ट्रिक गाड्या: व्यवहार्यता आणि खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

ताफा_नियोजन यांचा प्रश्न

एका मध्यम आकाराच्या शहराच्या पोलीस ताफ्यातील जुन्या पेट्रोल गाड्या बदलण्याची वेळ आली आहे आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रिक गाड्या घ्याव्यात का, यावर टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विक्रेत्यांची माहितीपत्रके वाचून झाली, विरोधकांचे लेखही वाचून झाले. पहिल्यांना सगळे सोपे वाटते, तर दुसऱ्यांना खात्री आहे की ऐन पाठलागात बॅटरी संपणार आणि आरोपी निसटणार. टिपणात लिहिता येईल असे यांपैकी कोणाकडूनच फारसे हाती लागले नाही.

परिस्थिती थोडक्यात अशी आहे. गस्तीच्या सुमारे ३० गाड्या असून प्रत्येक गाडी आठ-आठ तासांच्या तिन्ही पाळ्यांत वापरली जाते. एक पथक उतरते आणि दुसरे त्याच गाडीत बसते, त्यामुळे गाडी ठाण्याच्या आवारात निवांत उभी आहे असे क्वचितच घडते. एका पाळीत साधारण १०० किलोमीटर अंतर होते. मात्र पाळीतला जवळजवळ निम्मा वेळ गाडी चौकात, नाक्यावर किंवा घटनास्थळी इंजिन चालू ठेवून उभी असते, कारण वायरलेस, संगणक, छतावरचे दिवे आणि वातानुकूलन यांपैकी काहीच बंद ठेवून चालत नाही.

अशा वापरात इलेक्ट्रिक गाडी टिकेल का, आणि जादा किंमत भरून निघेल का? कृपया आकड्यांसह लिहावे. वीज आणि पेट्रोल यांचे दर जागोजागी वेगळे असल्याने दर मी माझे घालीन. मला हवी आहे ती मांडणीची पद्धत.

युनिट_आणि_लिटर यांचे उत्तर

आपण दिलेल्या माहितीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट १०० किलोमीटरची नसून पाळीतल्या त्या चार तासांची आहे, ज्यात गाडी इंजिन चालू ठेवून उभी असते. गस्तीच्या गाडीवरच्या बहुतेक चर्चा पल्ल्यापाशी, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती धावते यापाशी, सुरू होतात आणि तिथेच संपतात. उभ्या गाडीचा हिशेब कोणी करत नाही.

मोठ्या पेट्रोल गाडीचे इंजिन नुसते चालू ठेवले तरी तासाला एक ते दीड लिटर पेट्रोल जाते आणि वातानुकूलन पूर्ण जोरात असेल तर त्याहून अधिक. एका लिटर पेट्रोलमध्ये विजेच्या साधारण ९ युनिटांइतकी (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास) ऊर्जा असते. म्हणजे दीड लिटर जाळून आपण तासाला १३ युनिटांहून अधिक ऊर्जा खर्च करतो, आणि तिच्यातून प्रत्यक्ष कामाला येतात ती वायरलेस, संगणक, दिवे आणि गारवा यांना लागणारी साधारण दोन युनिटे. उरलेली ऊर्जा धुराड्यातून आणि रेडिएटरमधून निघून जाते. इलेक्ट्रिक गाडी हीच गरज थेट बॅटरीतून भागवते, म्हणून तिला उभ्याने तासाला दीड ते अडीच युनिटे पुरतात.

आता आपल्या पाळीचा हिशेब करू. मोठ्या आकाराची इलेक्ट्रिक गाडी शहरात, वारंवार जोरात वेग घेत चालवली तर किलोमीटरला ०.२ युनिट धरणे योग्य ठरेल. १०० किलोमीटरला २० युनिटे झाली. चार तास उभे राहण्यासाठी ८ युनिटे धरली तर पाळीची एकूण गरज २८ युनिटांची. हल्लीच्या या वर्गातल्या अनेक गाड्यांची बॅटरी ७५ युनिटांच्या आसपास असते. म्हणजे एक पाळी आरामात निघते, दुसरी पाळी संपताना जेमतेम पंचवीस टक्के उरतात आणि तिसरी पाळी मध्ये चार्जिंग केल्याशिवाय निघत नाही.

पाठलागाविषयी थोडे वेगळे लिहावे लागेल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ८० किलोमीटरऐवजी १६० किलोमीटर वेगाने गेल्यास प्रत्येक किलोमीटरमागे केवळ हवा कापण्यासाठी चौपट ऊर्जा लागते. टायरांचे घर्षण वगैरे मिळवून एकूण खर्च किलोमीटरला ०.३५ युनिटांच्या आसपास जातो. त्या वेगाने २० मिनिटे पाठलाग झाला तर ५३ किलोमीटर अंतर आणि १८ ते १९ युनिटे, म्हणजे बॅटरीचा पाव हिस्सा. एवढा लांब पाठलाग शहरी गस्तीत विरळाच, आणि तो आला तरी गाडीत ३० टक्के शिल्लक ठेवण्याचा नियम पाळलेला असेल तर निभावतो.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट शहराच्या पोलिसांनी जुनी टेस्ला मॉडेल एस गाडी २०१९ साली गस्तीवर आणली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भरधाव पाठलागाच्या वेळी तिच्यात सहा मैलांपुरतीच बॅटरी उरल्याचे वायरलेसवर कळवावे लागले. बातमी जगभर पसरली. तपशील मात्र फारसा कोणी वाचला नाही: आधीच्या पाळीनंतर गाडी पुरेशी चार्ज न करताच बाहेर काढली गेली होती. रिकाम्या टाकीची पेट्रोल गाडी बाहेर काढली असती तरी हेच झाले असते. फरक एवढाच की तिची टाकी पाच मिनिटांत भरता आली असती, आणि तो फरक लहान नाही.

माजी_गस्तप्रमुख यांचे उत्तर

वरचा हिशेब बरोबर आहे, परंतु ‘३० टक्के शिल्लक ठेवण्याचा नियम’ कागदावर जितका सोपा दिसतो तितका तो रस्त्यावर नसतो. पाळी संपायला दहा मिनिटे असताना हाणामारीचा कॉल येतो, पथक तिथून एका जखमीसोबत रुग्णालयात जाते, तिथे जबाब नोंदवण्यात दीड तास जातो आणि गाडी रुग्णालयाच्या दारात दिवे लावून उभी राहते. पुढच्या पथकाच्या हाती ती येते तेव्हा शिल्लक १८ टक्के असते. पुढच्या पथकाच्या प्रमुखाने त्या गाडीचे काय करायचे, याचे उत्तर आपल्या टिपणात असले पाहिजे. ‘चार्जिंगला लावावी’ हे उत्तर पुरेसे नाही. त्या वेळेत तो कोणत्या गाडीत बसणार, ते लिहावे लागेल.

गाडीच्या आतल्या बाबींकडे खरेदी समितीचे सहसा लक्ष जात नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. शिपायाच्या कमरपट्ट्याला पिस्तूल, बेड्यांची पेटी, वायरलेस संच, दंडुका आणि विजेरी अडकवलेली असते. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या पुढच्या आसनांना दोन्ही बाजूंनी उंच कडा असतात. वळणावर शरीर घट्ट धरून ठेवण्यासाठी त्या चांगल्या, पण बेड्यांची पेटी नेमकी त्याच कडेवर टेकते, पट्टा वर सरकतो आणि दिवसातून अनेकदा उतरताना पिस्तुलाचे म्यान आसनाच्या शिवणीत अडकते. काही आठवड्यांत शिवण उसवते, आणि पाठीचे दुखणे तर पहिल्याच आठवड्यात सुरू होते. मागच्या बाजूला आरोपीसाठी जाळीची भिंत बसवली की पुढचे आसन मागे सरकत नाही. उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागतात, आणि मागे बसवलेल्या माणसाला पाय ठेवायला जागा उरत नाही.

दुसरी बाब पडद्याची. सायरन, दिवे आणि वायरलेस यांची बटणे डोळे न हलवता हाताला सापडली पाहिजेत. ज्या गाडीत काच खाली करण्यापलीकडचे जवळजवळ सगळे पडद्यावरच्या स्पर्शावर आहे, तिथे वेगळा बटणांचा फलक बसवून घ्यावाच लागतो.

चांगली बाजूही सांगायला हवी. रात्री गल्लीत इंजिनाचा आवाज न करता शिरता येते, ही गस्तीतल्या माणसाच्या दृष्टीने मोठी सोय आहे. थांबलेल्या जागेवरून वेग घेण्यात तर पेट्रोल गाडी जवळपासही येत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे धूर. २०१७ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराच्या पोलिसांनी गाडीत कार्बन मोनॉक्साइड शिरत असल्याच्या तक्रारींमुळे आपल्या जवळजवळ ४०० फोर्ड एक्सप्लोरर गाड्या एकाच वेळी रस्त्यावरून काढून घेतल्या होत्या. पुढे तपासात बोट मुख्यतः दिवे आणि तारा बसवताना पाडलेल्या व नीट न बुजवलेल्या छिद्रांकडे गेले. आठ तास चालू इंजिनाच्या गाडीत बसणाऱ्याला ही भीती सैद्धांतिक वाटत नाही.

जमाखर्च यांचे उत्तर

खर्चाची मांडणी विचारली आहे, म्हणून वर दिलेल्या आकड्यांवरूनच ती करतो.

गाडी तिन्ही पाळ्या चालली तर दिवसाला ३०० किलोमीटर धावते आणि १२ तास उभी असते. पेट्रोल गाडीला शहरात १०० किलोमीटरला १२ लिटर धरले तर धावण्याचे ३६ लिटर आणि उभे राहण्याचे दीड लिटरप्रमाणे १८ लिटर, असे ५४ लिटर होतात. इलेक्ट्रिक गाडीला ८४ युनिटे लागतात, पण चार्जिंग करताना दहा टक्क्यांच्या आसपास वीज वाया जाते, त्यामुळे मीटरवर ९४ युनिटे पडतील. म्हणजे ५४ लिटर विरुद्ध ९४ युनिटे. सोप्या शब्दांत, आपल्याकडचा एका लिटरचा दर पावणेदोन युनिटांच्या दरापेक्षा जितका जास्त असेल तितकी प्रत्येक लिटरमागे बचत. ठाण्याच्या स्वतःच्या मीटरवर ही बचत सहसा भरघोस असते. सार्वजनिक जलद चार्जरवर युनिटाचा दर दुप्पट-तिप्पट असू शकतो, आणि मग तीच बचत पाहता पाहता आटते. म्हणून ‘बाहेर चार्ज करून घेऊ’ या भरवशावर योजना आखू नये.

इंजिनाच्या झिजेचाही विचार करावा. उभ्याने एक तास चाललेले इंजिन ३३ मैल, म्हणजे सुमारे ५३ किलोमीटर धावल्याइतके झिजते, असा ठोकताळा फोर्ड कंपनीनेच पोलीस गाड्यांसाठी दिलेला आहे. आपले १२ तास या मापाने रोजचे ६३६ किलोमीटर होतात. गाडीचे मीटर दिवसाला ३०० दाखवत असते आणि इंजिन मात्र ९००हून अधिक किलोमीटर जुने होत असते. मीटर पाहून ऑइल बदलणाऱ्या ताफ्यांत इंजिने अकाली का बसतात, त्याचे हे एक कारण. इलेक्ट्रिक गाडीत ही झीज नाही, ऑइल नाही, आणि वेग कमी करताना मोटरच ऊर्जा परत घेत असल्याने ब्रेक पॅडही बरेच अधिक टिकतात.

उलट बाजूने टायरांचा खर्च वाढतो. गाडीचे वजन काहीशे किलोने जास्त आणि ओढ तत्काळ मिळणारी, त्यात चालवणारे पोलीस. टायर लवकर जाणारच. अपघातात बॅटरीच्या पेटीला मार लागला तर दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या उरलेल्या किमतीच्या वर जाऊ शकतो. पेट्रोल गाडीत ठोकाठोकी करून चालवून घेतले जाते, तसे इथे चालत नाही.

खरेदी किमतीचे एक ठोस उदाहरण अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातील वेस्टपोर्टचे आहे. तिथल्या पोलिसांनी टेस्ला मॉडेल ३ गाडी ५२,२९० डॉलरला घेतली, तेव्हा नेहमीची फोर्ड एक्सप्लोरर ३७,००० डॉलरच्या आसपास मिळत होती. हा फरक इंधन आणि देखभालीतून काही वर्षांतच भरून निघतो, असा हिशेब तिथे जाहीर झाला. मला त्या हिशेबापेक्षा त्यामागची अट महत्त्वाची वाटते: गाडी रोज भरपूर वापरली गेली पाहिजे. लॉस एंजेलिस पोलिसांनी २०१६ साली १०० बीएमडब्ल्यू आय३ गाड्या भाड्याने घेतल्या, पण त्या कार्यालयीन कामांसाठी होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्या फारशा हलतच नाहीत अशा बातम्या पुढच्याच वर्षी आल्या. ‘आधी साहेबांच्या आणि कार्यालयाच्या गाड्या बदलू, गस्तीचे नंतर पाहू’ हा सल्ला सावधपणाचा वाटतो, परंतु पैशाच्या दृष्टीने तो उलटा आहे. जी गाडी दिवसाला २० किलोमीटर जाते तिच्यावर बचत होणार तरी कशातून?

माजी_गस्तप्रमुख

शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. कार्यालयीन गाडी रस्त्यात बंद पडली तर एक बैठक चुकते. गस्तीची गाडी पोहोचली नाही तर काय होते, ते जमाखर्चात मांडता येत नाही. बचत कमी झाली तरी चालेल, पण चार्जिंगची सवय आणि शिस्त जिथे चूक परवडते तिथे आधी लागावी.

जमाखर्च

मधला मार्ग आहे. गुन्हे तपासाच्या आणि वाहतूक शाखेच्या गाड्या एकाच पाळीत चालतात, अंतर बऱ्यापैकी कापतात आणि रात्री आवारात उभ्या असतात. सवय लागेल आणि पैसेही वाचतील. पण प्रश्नकर्त्यांनी तीन पाळ्यांच्या गस्तीबद्दल विचारले आहे, त्याला हे उत्तर नव्हे.

उपकेंद्र यांचे उत्तर

तीन पाळ्यांचे उत्तर गाडीत शोधू नका, चार्जरमध्ये शोधा. रोजच्या ९४ युनिटांसाठी ११ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर साडेआठ तास लागतात. २४ तास कामावर असलेल्या गाडीला साडेआठ तासांची सुट्टी द्यायची तर ३० गाड्यांची गस्त अखंड ठेवण्यासाठी १० ते ११ गाड्या जास्तीच्या घ्याव्या लागतील. तेच काम ५० किलोवॅटच्या जलद चार्जरवर तीन टप्प्यांत मिळून सुमारे दोन तासांत होते, आणि मग तीन जास्तीच्या गाड्या पुरतात. जलद चार्जर महाग म्हणून साधे चार्जर घेणाऱ्याने सात-आठ गाड्यांची किंमत त्याच तक्त्यात मांडून पाहावी. राखीव गाड्या पेट्रोल ताफ्यातही असतातच, तेव्हा तीनचा आकडा पाहून दचकण्याचे कारण नाही.

विजेचा भार मात्र नीट समजून घ्यावा. ३० गाड्यांना दिवसाला २,८२० युनिटे लागतील. ती चोवीस तासांवर सारखी पसरली तर सरासरी भार १२० किलोवॅटच्याही आत बसतो. पण पाळी बदलताना १० गाड्या एकदम जलद चार्जरला लागल्या तर तोच भार ५०० किलोवॅटवर जातो. जोडणी, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि मागणी आकार (कमाल भारानुसार वीजबिलात लागणारी रक्कम) हे सगळे या शिखरावर ठरतात, सरासरीवर नाही. म्हणून पाळ्या एकाच ठोक्याला बदलण्याऐवजी गाड्यांचे तीन-चार गट करून तास-तासाच्या अंतराने बदलाव्यात, आणि चार्जरांवर भारवाटपाची, म्हणजे एकूण भार मर्यादेत ठेवून तो गाड्यांत वाटणारी, प्रणाली असावी. पाळीचे वेळापत्रक बदलणे हे विद्युत विभागाच्या हातात नसते, त्यामुळे ही गोष्ट टिपणात पहिल्या पानावर यावी. नाहीतर रोहित्राचा प्रस्ताव दुप्पट क्षमतेचा जाईल आणि त्याचा खर्च पाहून सगळी योजनाच बाजूला ठेवली जाईल.

वादळात किंवा मोठ्या बिघाडात वीज जाते तेव्हाच पोलिसांची गरज सर्वाधिक असते. ठाण्याच्या सध्याच्या जनरेटरवर दिवे आणि नियंत्रण कक्ष चालतो. जलद चार्जर त्यावर चालेल असे गृहीत धरू नये. किमान दोन जलद चार्जर पेलतील इतका राखीव जनरेटर धरावा, किंवा ताफ्याचा काही भाग पेट्रोलवर राहू द्यावा. माझे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते, कारण डिझेल जाळून चार्ज केलेली गाडी पाहिली की वर्तमानपत्रांना दुसरी बातमी लागत नाही.

बॅटरीच्या हमीबद्दल आपल्या प्रश्नात काहीच नाही, ते टिपणात जरूर घालावे. अनेक कंपन्यांची हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतले जे आधी होईल त्या बेताची असते. दिवसाला ३०० किलोमीटर धावणारी गाडी वर्षाला १,०९,५०० किलोमीटर जाते. म्हणजे आठ वर्षांची म्हणून मिरवणारी हमी आपल्याकडे दीड वर्षात संपते. शिवाय पोलीस वापराला ती लागू आहे की नाही, हेही लेखी घ्यावे. याचा अर्थ बॅटरी दीड वर्षात निकामी होईल असा नाही. आपल्या वापरात रोज साधारण एक पूर्ण आवर्तन (बॅटरी एकदा पूर्ण भरून पूर्ण वापरण्याइतके) होते, वर्षाला चारशेच्या आसपास. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीला हजारोंनी आवर्तने पेलतात. निकेलवर आधारलेल्या बॅटऱ्यांचे आयुष्य सहसा त्याहून कमी असते, आणि त्या रोज शंभर टक्क्यांपर्यंत भरणे टाळावे लागते. गस्तीसाठी जड असली तरी लोह-फॉस्फेट बॅटरी मला अधिक योग्य वाटते. तिची एक अडचण अशी की कडाक्याच्या थंडीत ती चार्ज व्हायला कुरकुर करते.

ताफा_नियोजन

सर्वांचे मनापासून आभार. जास्तीच्या गाड्या आणि चार्जरची क्षमता यांचा संबंध कोणत्याही माहितीपत्रकात आढळला नव्हता. दोन शंका उरल्या आहेत. हवामानाचा परिणाम कितपत धरावा? आणि पूर्ण इलेक्ट्रिकऐवजी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेली गाडी) घेतल्यास उभ्या गाडीचे पेट्रोल वाचेल का?

युनिट_आणि_लिटर

थंडीत पल्ला २० ते ४० टक्क्यांनी घटतो. साध्या हीटरची गाडी असेल तर घट जास्त आणि उष्णता पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारी यंत्रणा) असेल तर बरीच कमी. उन्हाळ्यातली घट तुलनेने थोडी असते. गस्तीत सारखी दारे उघडतात आणि काचा खाली होतात, म्हणून घरगुती वापरापेक्षा फटका मोठा बसतो. आपल्या वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यासाठी उभ्याने तासाला ३ ते ४ युनिटे धरून पाळीचा हिशेब पुन्हा करावा. जोडणीची क्षमता त्या महिन्यावर ठरवावी, सरासरी महिन्यावर नव्हे.

हायब्रिडबद्दल उत्तर होकारार्थी आहे. फोर्डने २०२० सालच्या पोलीस एक्सप्लोररमध्ये हायब्रिड रचना आणली ती मुख्यतः याच कारणासाठी: उभ्या गाडीची उपकरणे बॅटरीवर चालतात आणि इंजिन अधूनमधून थोडा वेळच सुरू होऊन बॅटरी भरते. चार्जर, रोहित्र, जास्तीच्या गाड्या यांतले काहीच लागत नाही. आपल्या १८ लिटरांतला मोठा हिस्सा त्यातून वाचेल, धावण्याचे ३६ लिटरही काही प्रमाणात घटतील. ज्या ताफ्याला पाळ्यांचे वेळापत्रक हलवणे शक्य नाही, त्याने इलेक्ट्रिकचा हट्ट न धरता हायब्रिड घ्यावी, असे मी स्पष्टच लिहीन.

पूर्ण इलेक्ट्रिक ताफा होतच नाही, असा मात्र याचा अर्थ कोणी काढू नये. मिशिगन राज्य पोलिसांच्या वाहन चाचणीत २०२१ साली फोर्डची मस्टँग माक-ई ही इलेक्ट्रिक गाडी उत्तीर्ण झाली, आणि वेग, वळण, ब्रेक यांविषयीची शंका तिथेच मिटली. कॅलिफोर्नियातल्या साउथ पॅसाडेना शहराने २०२४ साली पोलिसांचा सगळा ताफाच टेस्लाचा केला. पण ते शहर जेमतेम नऊ चौरस किलोमीटरचे आहे आणि गाड्या वीस. ठाण्यातला चार्जर कुठूनही काही मिनिटांवर. आपल्या हद्दीचे टोक ठाण्यापासून किती लांब आहे, ते पाहून त्या उदाहरणाला वजन द्यावे.

कार्यशाळा

उशिरा लिहितो आहे, पण एक गोष्ट कोणीच मांडली नाही. वायरलेस, दिवे, सायरन, कॅमेरे ही सगळी उपकरणे मोठ्या बॅटरीवर थेट चालत नाहीत. ती १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवर चालतात, आणि मोठ्या बॅटरीतून तिला वीज पुरवणाऱ्या कन्व्हर्टरची एक मर्यादा असते. खासगी वापराच्या गाडीत ती मर्यादा रेडिओ, वायपर आणि खिडक्या डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली असते. तिच्यावर पोलिसांचे सगळे सामान चढवले तर मोठ्या बॅटरीत ६० टक्के शिल्लक असतानाही लहान बॅटरी बसते, आणि मग गाडी कुलूपही उघडत नाही. काही गाड्या चालक उतरून दार लावताच आपोआप झोपी जातात. घटनास्थळी दिवे चालू ठेवून पथक उतरले की दिवेच बंद होतात. मोटर आणि इन्व्हर्टरमुळे वायरलेसवर खरखर येणे हीसुद्धा ज्ञात अडचण आहे; अँटेनाची जागा आणि तारांचा मार्ग बदलून ती बहुधा सुटते, पण सगळ्या ताफ्यावर उपकरणे बसवून झाल्यानंतर नव्हे.

म्हणून मागणीपत्र काढण्यापूर्वी एक नमुना गाडी मागवावी, तिच्यावर आपलेच सर्व सामान बसवावे, दिवे-वायरलेस-संगणक-वातानुकूलन चालू ठेवून ती चार तास रिकामी, कुलूप लावून उभी करावी आणि लहान बॅटरीचा व्होल्टेज दर अर्ध्या तासाने नोंदवावा. दुसऱ्या दिवशी तेच सामान चालू ठेवून गाडी वेगात चालवावी आणि वायरलेसवर खरखर येते का ते ऐकावे. पुरवठादार या चाचणीस तयार नसेल तर दुसरा पाहावा, आणि निविदेत पोलीस उपकरणांसाठी १२ व्होल्टच्या बाजूने किती अँपिअर अखंड मिळतील हा आकडा लेखी मागावा.